संगणक अडला म्हणून दुधाचा पगार अडू नये



या पानावर आपण नेहमी बी-बियाणे, खत-पाणी आणि गुराढोरांविषयी बोलतो. आज संगणकाविषयी बोलणार आहे. "साहेब, हे शेतीचे पान आहे, इथे संगणकाचे काय काम?" असे कोणी म्हणेल. पण विचार करा. तुमच्या गाईने सकाळी दिलेले दूध कॅनमधून चिलिंग सेंटरला जाते. त्याचे माप, फॅट आणि पैसे मात्र सोसायटीच्या संगणकात जाऊन बसतात. तो संगणक नीट चालला तर दहा दिवसांनी घरात पैसा येतो, आणि अडला तर किराणा अडतो. म्हणजे संगणक हाही आता गोठ्याचाच एक भाग झाला. गोठ्यातले दुखणे ओळखायला आपण शिकलो, तसे याचेही दुखणे थोडेफार ओळखता आले पाहिजे.

आधी घडलेली हकीकत सांगतो, मग उपाय सांगतो.

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. आमच्या भागातील एका गावची दूध संस्था. सभासद दीडशेच्या आतबाहेर. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपणार, म्हणून संस्थेने नवा संगणक घेतला. जुना संगणक दुकानदाराला बदलीत दिला. सॉफ्टवेअर कंपनीचा मुलगा आला, नवी आवृत्ती बसवली, पडदा उघडून दाखवला, चहा घेतला आणि शेवटच्या एस.टी.ने गेला. रात्री वीज गेली. पहाटे सेक्रेटरींनी संगणक सुरू केला तर सॉफ्टवेअर उघडेना. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आणि २००३ हा आकडा.

संस्थेत दहा दिवसांचा पगार काढायचा होता आणि त्याबरोबर वर्षाचा दरफरकही वाटायचा होता. दरफरक म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधाच्या प्रत्येक लिटरवरचा हिशेब. वर्षाची नोंद सापडली नाही तर दरफरक कशावर काढणार? मी त्या गावी चारा पिकांच्या बैठकीसाठी गेलो होतो. बैठक बाजूलाच राहिली. सेक्रेटरी कपाळाला हात लावून बसलेले. त्यांचा पुतण्या म्हणाला, "साहेब, सगळं काढून टाकून परत बसवतो. दोनदा बसवलं, तिसऱ्यांदा जमेल."

मी त्याचा हात धरला. "बाबा, पान पिवळे पडले म्हणून तू रोप उपटतोस का?"

बंधूंनो, हा दाखला नीट समजून घ्या. पिकाची खालची, जुनी पाने आधी पिवळी पडली तर आपण नत्राची कमतरता समजतो. वरची कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची कमतरता समजतो. पिवळेपणा दोन्हीकडे सारखाच, पण औषध वेगळे. न बघता युरिया टाकला तर लोहाची उणीव भरून निघत नाही. संगणकाच्या चुकीचेही तसेच असते. पडद्यावरचा आकडा म्हणजे कोणते पान पिवळे पडले याची खूण. ती वाचायच्या आधी औषध मारू नये.

कोठार आणि कोठीवाला

हे सॉफ्टवेअर म्हणजे एक वस्तू नसून दोन असतात. पडद्यावर दिसते ती खिडकी. तिथे सभासदाचा क्रमांक घालायचा, लिटर घालायचे, पावती काढायची. या खिडकीच्या मागे एक कोठार असते, त्याला डेटाबेस म्हणतात. कोठारात सगळी माहिती तक्त्यांत मांडलेली असते: सभासदांचा एक तक्ता, रोजच्या दुधाचा दुसरा, पैशांचा तिसरा. अशी तक्त्यांची मांडणी आणि तक्त्यांचे एकमेकांशी नाते ही कल्पना ई. एफ. कॉड या आय.बी.एम. कंपनीतील गणितज्ञाने १९७० साली मांडली. आज जगातले बहुतेक हिशेब त्याच रीतीने ठेवले जातात.

कोठाराला एक राखणदार असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. आमच्या संस्थेत ‘मायएसक्यूएल’ नावाचा राखणदार होता. तो १९९५ साली स्वीडनमध्ये तयार झाला. त्याचाच भाऊबंद ‘मारियाडीबी’. खिडकी स्वतः कोठारात जात नाही. ती राखणदाराला हाक मारते, आणि राखणदार आत जाऊन हवे ते काढून देतो.

आता तुम्ही धान्य आणायला गोदामावर गेलात असे समजा. पहिले, राखणदार जागेवर पाहिजे. दुसरे, तुमच्याजवळ चिठ्ठी पाहिजे. तिसरे, कोणत्या खोलीतला माल ते सांगता आले पाहिजे. चौथे, त्या खोलीत तो कप्पा पाहिजे. पाचवे, नवा माल ठेवायचा असेल तर तो त्या कप्प्यात बसला पाहिजे. संगणकाची चूक या पाचांपैकी एका पायरीवर होते. पायरी कळली की निम्मे काम झाले.

पहिली पायरी: राखणदार जागेवर आहे का?

आकडा २००३ किंवा २००२ दिसला की समजावे, खिडकीने हाक मारली पण राखणदार भेटला नाही. पुढे कंसात आणखी एक आकडा असतो, तोही वाचावा. १००६१ असेल तर संगणक सापडला, पण त्या दारात कोणी बसलेले नाही. १००६० असेल तर हाकेला उत्तरच आले नाही. म्हणजे पत्ता चुकला असेल, किंवा फायरवॉल नावाच्या कुंपणाने वाट अडवली असेल.

आमच्याकडे १००६१ होता. विंडोजमध्ये ‘सर्व्हिसेस’ नावाची यादी असते, ती उघडली. राखणदाराच्या नावापुढे ‘रनिंग’ हा शब्द नव्हता. बसवणाऱ्याने तो ‘मॅन्युअल’वर, म्हणजे हाताने सुरू करण्यावर ठेवला होता. वीज गेली, संगणक बंद पडला, पुन्हा सुरू झाला, पण राखणदाराला कोणी उठवले नाही. त्याला सुरू केले आणि ‘ऑटोमॅटिक’ केले. पाच मिनिटांचे काम. पुतण्याने त्यासाठी रात्रीतून दोनदा सारे काढून पुन्हा बसवले होते.

कधी कधी राखणदार सुरूच होत नाही. त्याचे नेहमीचे कारण म्हणजे एका दारात दोन राखणदार. मायएसक्यूएलचे ठरलेले दार ३३०६ क्रमांकाचे. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने आधीच तिथे आपला माणूस बसवला असेल तर नव्याला जागा मिळत नाही. अशा वेळी नव्याला ३३०७ हे दार द्यावे आणि खिडकीच्या सेटिंगमध्येही तोच आकडा लिहावा. जुन्याला हाकलून देऊ नये. त्याच्या ताब्यात कोणाची तरी माहिती असते.

दुसरी पायरी: चिठ्ठी बरोबर आहे का?

राखणदार उठला तसा आकडा बदलला. १०४५, ‘ॲक्सेस डिनाइड’. सेक्रेटरी म्हणाले, "गेलं! आता दुसरंच निघालं." मी म्हणालो, "भाऊ, हे बरे लक्षण आहे. आपण एक पायरी चढलो."

या ओळीच्या शेवटी ‘यूजिंग पासवर्ड’ असे लिहून पुढे येस किंवा नो असते. तिकडे कोणी बघत नाही, पण सारे मर्म तिथेच आहे. ‘नो’ म्हणजे खिडकीने पासवर्ड दिलाच नाही, सेटिंगमध्ये ती जागा रिकामी आहे. ‘येस’ म्हणजे दिला, पण जुळला नाही. आमच्याकडे ‘नो’ होते. बसवणाऱ्याने राखणदाराला कुलूप लावले आणि किल्ली खिडकीला द्यायची विसरला. फोन केला, त्याने पासवर्ड सांगितला, जागेवर लिहिला. नंतर तोच पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून, चेअरमनची सही घेऊन संस्थेच्या तिजोरीत ठेवायला लावला. कोठाराची किल्ली परगावच्या मुलाच्या डोक्यात असणे बरे नव्हे.

इथेच आणखी एक गोष्ट सांगतो. मायएसक्यूएलची आठवी आवृत्ती २०१८ साली आली, तेव्हा पासवर्ड तपासण्याची रीत बदलली. जुन्या काळच्या सॉफ्टवेअरला ही नवी रीत कळत नाही. मग २०५९ किंवा १२५१ असा आकडा येतो आणि पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही. काही लोक राखणदाराला जुनी रीत वापरायला लावतात. ते तात्पुरते ठीक, पण २०२४ च्या नवव्या आवृत्तीतून ती जुनी रीत काढूनच टाकली आहे. म्हणून सॉफ्टवेअरवाल्याकडे नवा जोड मागावा.

तिसरी आणि चौथी पायरी: खोली आणि कप्पा

पासवर्ड जुळला, आणि आकडा आला १०४९. म्हणजे राखणदार म्हणतो, "या नावाची खोलीच माझ्याकडे नाही." नवा संगणक, नवे कोठार, त्यात जुनी माहिती आणून ठेवायची राहिली होती. याच्या पुढचा भाऊ म्हणजे ११४६: खोली आहे, पण तो तक्ता नाही. बसवण्याचे काम अर्ध्यात तुटले की हा दिसतो.

"मग माहिती आणू या," मी म्हणालो. सेक्रेटरींनी मोठ्या विश्वासाने कपाटातून पेनड्राइव्ह काढला. "साहेब, वर्षभर एक दिवस चुकलो नाही. रोज संध्याकाळी सॉफ्टवेअरचे सगळे फोल्डर यात घेतो."

पेनड्राइव्ह लावला. आत फोल्डर होते, तारखाही होत्या. पण त्यात होती ती खिडकी. कोठार नव्हते. मायएसक्यूएल आपली माहिती सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये ठेवत नाही. विंडोजवर ती बहुधा सी ड्राइव्हमधील ‘प्रोग्रॅमडेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये असते, आणि ते फोल्डर विंडोज नेहमी लपवूनच ठेवते. त्या प्रामाणिक माणसाने वर्षभर रोज गोदामाची पाटी उतरवून नेली होती, आतले धान्य एकदाही नेले नव्हते.

खोलीत कोणी बोलेना. बाहेर दूध घालायला आलेल्या बाया रांगेत उभ्या होत्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हते.

मी विचारले, "जुना संगणक कुठे आहे?" चेअरमननी तालुक्याच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "आहे कोपऱ्यात. दुपारी फॉरमॅट मारून विकायचा आहे." चेअरमन आणि पुतण्या मोटरसायकलवर तसेच गेले आणि दोघांच्या मध्ये संगणक धरून तासाभरात परत आले. मळणीच्या वेळी पावसाने गाठावे आणि थोडक्यात ताडपत्री मिळावी, तशी गत.

जुना संगणक सुरू केला. या वेळी फोल्डर उचलले नाही. राखणदारालाच सांगून साऱ्या कोठाराची एक बांधीव प्रत काढून घेतली. हा बॅकअपचा खरा मार्ग. चालू राखणदाराच्या पाठीमागून फाइली उचलल्या तर अर्धवट येतात. राखणदाराने स्वतः बांधून दिलेली प्रत पुरी असते. तिच्या दोन नकला केल्या. एक संस्थेच्या तिजोरीत ठेवली, दुसरी चेअरमनच्या घरी.

पाचवी पायरी: माल कप्प्यात बसतो का?

नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी माहिती ओढून घेण्याची सोय होती. पहिल्यांदा सभासद, मग दूध, मग पैसे, हा क्रम पाळावा. नाहीतर १४५२ येतो. म्हणजे दूध आले, पण ते कोणाचे तो सभासदच यादीत नाही. आम्ही क्रम पाळला, तरी तीन ठिकाणी गाडी अडली. या तिन्ही गोष्टी तुम्हांलाही भेटतील.

पहिली तारीख. आकडा १२९२. काही जुन्या सभासदांची सभासदत्वाची तारीख कोणी भरलीच नव्हती, तिथे नुसती शून्ये होती. पूर्वीच्या आवृत्त्या असला माल गुपचूप आत घेत. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून राखणदार मुळातच कडक झाला. शून्याची तारीख तो घेत नाही. फोनवर तो मुलगा म्हणाला, "कडकपणा बंद करतो, सगळं आत जाईल." मी नको म्हणालो. कुत्रे भुंकते म्हणून त्याचे तोंड बांधले तर चोराचे फावते. सभासदत्वाचे जुने रजिस्टर काढले, तारखा शोधल्या, भरल्या. त्याचप्रमाणे हे लक्षात ठेवा की कोठारात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात. आपण उलटे लिहितो. २५ तारीख महिन्याच्या जागी गेली तर राखणदार अडवतो. पण ५ एप्रिलची ४ मे झाली तर अडवत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्या आहेत. अशी मुकी चूक ओरडणाऱ्या चुकीपेक्षा वाईट.

दुसरी गोष्ट नावांची. काही नावे आली ती नुसती प्रश्नचिन्हे. इथे एक फरक ध्यानात घ्यावा. मराठी नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा विचित्र काला दिसला तर घाबरू नये. बहुधा ते नाव जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेले असते, किंवा लिपीची खूण चुकलेली असते. अक्षरे बदलून घेता येतात. पण नावाच्या जागी ???? अशी प्रश्नचिन्हे साठली असतील, तर त्या तक्त्यात मूळ अक्षर उरलेलेच नाही. ते मूळ जागेवरून पुन्हा आणावे लागते. उपाय असा की तक्ता, जोडणी आणि सॉफ्टवेअर या तिन्ही ठिकाणी लिपीची एकच रीत ठेवायची, तिचे नाव यूटीएफ-८. मायएसक्यूएलमध्ये तिचे पुरे रूप ‘यूटीएफ८एमबी४’ या नावाने आहे. आमच्याकडे मधली जोडणी जुन्या इंग्रजी लिपीवर राहिली होती. ती बदलली, नवी खोली रिकामी केली आणि पहिल्यापासून माल आणला. जुना संगणक जवळ होता म्हणूनच हे जमले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आकडा १०६२, म्हणजे एकच क्रमांक दोनदा. ३७ नंबर दोन नावांवर होता. मूळ सभासद चार वर्षांपूर्वी वारले. मुलाने आपले नाव ३७ वर लावले. त्यांची आई वेगळी राहते, तिची एक गाय आहे. तीही नवऱ्याच्याच नंबरवर दूध घालत राहिली आणि तिच्या नावाचीही ३७ वर एक ओळ पडली. दहा दिवसांचा पगार सेक्रेटरी ओळखीने दोघांना वेगळा देत. पण दरफरक निघतो नंबरावर. तो आजवर मुलाच्या खात्यात जात होता.

पडद्यावर एक बटण होते: दुबार ओळी सोडून पुढे चला. पुतण्याचा हात तिकडे गेला. त्याला म्हणालो, "थांब. ही ओळ नाही, माणूस आहे."

मावशींना बोलावले. मुलालाही बोलावले. मावशी आल्या त्या बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन. त्यात वर्षभराच्या दुधाच्या पावत्या, महिन्याप्रमाणे दोऱ्याने बांधलेल्या. "मला वाचता येत नाही, बाबा," त्या म्हणाल्या, "पण हे गेले असते तेव्हापासून सांगत, कागद फेकू नको." सेक्रेटरी एकेक पावती वाचत गेले, पुतण्या एकेक ओळ वेगळी करत गेला. रात्री साडेनऊ झाले. मुलाने खाली मान घालून सगळे ऐकले आणि शेवटी म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं, आई." त्याचे म्हणणे मला खरे वाटले. आईने एवढेच विचारले, "जेवलास का?"

मावशींना नवा नंबर मिळाला. त्या वर्षीचा दरफरक, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांच्या स्वतःच्या नावाने निघाला. पगार चार दिवस लांबला, पण लक्ष्मीपूजनाच्या आत घरोघरी पैसे पोहोचले. मधल्या दिवसांत दोन्ही वेळचे दूध जुन्या रजिस्टरात पेनने लिहिले गेले. एक कॅनही मागे फिरला नाही.

संस्थेने पाळायच्या गोष्टी

१. नवे सॉफ्टवेअर पगाराच्या किंवा सणाच्या तोंडावर बसवू नये. पगार झाल्यावर दुसऱ्या दिवशी बसवावे. पुढे हातात नऊ दिवस राहतात.

२. बसवण्यापूर्वी राखणदाराकडून पुरी प्रत काढावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेला बॅकअप हा उगवण न तपासलेल्या बियाण्यासारखा. पोते भरलेले दिसते, शेतात काय उगवेल ते देव जाणे.

३. जुना संगणक निदान दोन पगार होईपर्यंत विकू नये, बदलीत देऊ नये, फॉरमॅट करू नये.

४. चूक दिसली की हात बाजूला. आधी मोबाइलवर पडद्याचा फोटो घ्यावा. आकडा, कंसातला आकडा आणि शेवटचा शब्द, सगळे आले पाहिजे. फोनवर "चालत नाही" एवढेच सांगितले तर समोरचा काय निदान करणार? डॉक्टरला आपण "गाय बरी नाही" एवढेच सांगतो का? चारा खाते का, शेण कसे आहे, ताप आहे का, हे सांगतोच ना?

५. एका वेळी एकच बदल करावा आणि वहीत लिहावा. तीन औषधे एकदम फवारली तर कशाने गुण आला आणि कशाने पान करपले ते कळत नाही.

६. काढून टाकताना संगणक विचारतो, ‘डेटाही काढू का?’ पुरी प्रत हातात असल्याशिवाय त्याला कधीही हो म्हणू नये.

७. संगणकाला यू.पी.एस. जोडावा. मायएसक्यूएलचे हल्लीचे तक्ते अचानक वीज गेल्यावर बहुधा स्वतःला सावरतात. जुन्या ‘मायआयसॅम’ पद्धतीचे तक्ते मात्र मोडतात आणि दुरुस्त करावे लागतात.

८. जुना आणि नवा हिशेब एक पगारभर शेजारी शेजारी चालवावा. एकूण लिटर, एकूण रुपये, सभासदांची संख्या, हे तीन आकडे जुळले म्हणजे नवे चालले असे मानावे.

राखणदार दुसरा असेल तर आकडे बदलतात, पायऱ्या बदलत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचे दार १४३३, आणि त्याच्याकडे चिठ्ठी चुकली की १८४५६ येतो. पायरी ओळखली की आकड्याचे भय उरत नाही.

घराने पाळायच्या गोष्टी

"आमच्याकडे कुठे संगणक आहे?" असे म्हणू नका. दुधाची रोजची पावती डब्यात ठेवा, दरफरक हातात पडेपर्यंत फेकू नका. संस्था मोबाइलवर संदेश पाठवत असेल तर तो पुसू नका. सॉफ्टवेअर बदलल्यावर पहिल्या बिलात चार गोष्टी स्वतः तपासा: नाव, सभासद क्रमांक, लिटर आणि बँक खात्याचे शेवटचे चार आकडे. घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर तिला हे काम सांगा, ती बिनचूक करील. घरातला सभासद वारला असेल तर वारस नोंद वेळेवर करून घ्या, आणि घरातल्या बाईची गाय असेल तर नंबरही तिच्याच नावाचा घ्या.

आणखी एक इशारा. "सॉफ्टवेअर दुरुस्त करतो, अमुक ॲप घ्या आणि ओ.टी.पी. सांगा," असा अनोळखी फोन आला तर सरळ ठेवून द्या. संस्थेचा संगणक दुरुस्त करायला तुमच्या बँकेचा ओ.टी.पी. कधीही लागत नाही.

तात्पर्य, यंत्र आपल्याशी बोलते ते आपण ऐकत नाही, म्हणून नुकसान होते. सेक्रेटरींनी आता त्या पाच पायऱ्या एका पुठ्ठ्यावर लिहून संगणकाच्या वर टांगल्या आहेत, आणि दर पगाराला बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतात. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, आता आकडा आला की आधी वाचतो, मग चहा मागवतो." पूर्वी हा क्रम उलटा होता.

पुढच्या खेपेस हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी लिहीन. तोवर शेतात एक चक्कर मारून अळी किती दिसते ते मोजून ठेवा.



आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)